होमगार्ड व्हायचं असेल तर: नोंदणी, मैदान, बंदोबस्त आणि भत्त्याचा हिशेब

होमगार्डला महिन्याचा पगार नाही, पगारी रजा नाही, पेन्शन नाही. बोलावणं आलं, ड्यूटी केली, की त्या दिवसाचा भत्ता. वर्षात किती दिवस ड्यूटी मिळेल याची हमी कुणी देत नाही आणि देऊही शकत नाही. ही गोष्ट अर्ज करण्याआधी डोक्यात पक्की बसवा. पथकातून पहिल्या वर्षातच गळणारे बहुतेक जण ‘सरकारी नोकरी लागली’ असं समजून आलेले असतात. शेती, दुकान, रिक्षा, शिक्षण किंवा खासगी नोकरी सांभाळून हे काम करायची तयारी असेल, किंवा पोलीस भरतीची तयारी चालू असेल आणि गणवेशातला अनुभव हवा असेल, तर मात्र ही जागा तुमच्यासाठी आहे.

हे दल असं का आहे

मुंबई इलाख्यात ६ डिसेंबर १९४६ रोजी होमगार्ड उभं राहिलं. फाळणीपूर्वीच्या दंगलींचे दिवस होते. नियमित पोलीस कमी पडत होते आणि एकदम हजारोंनी पोलीस भरणं सरकारला परवडणारं नव्हतं. मोरारजी देसाई तेव्हा इलाख्याचे गृहमंत्री होते. आपापला कामधंदा करणाऱ्या नागरिकांना थोडं प्रशिक्षण द्यायचं, शांततेच्या काळात घरी ठेवायचं आणि गरज पडली की पोलिसांच्या मदतीला बोलवायचं, अशी ही कल्पना. १९४७ साली त्यासाठी मुंबई होमगार्ड अधिनियम आला. १९६० साली राज्य विभागलं तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात दोघांकडेही तोच कायदा गेला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राने सगळ्या राज्यांना अशी एकसारखी स्वयंसेवी संघटना ठेवायला सांगितलं आणि होमगार्ड देशभर पसरलं. ६ डिसेंबर आजही सगळीकडे होमगार्डचा वर्धापनदिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रातलं ब्रीद आहे ‘निष्काम सेवा’, आणि भत्त्याचं आजवरचं रडगाणं ऐकलं की ते फारच शब्दशः घेतलं गेलं असं वाटतं.

ज्याच्याशी होमगार्डची नेहमी गल्लत होते ते राज्य राखीव पोलीस बल, म्हणजे एसआरपीएफ, पूर्णपणे वेगळं आहे. ते १९४८ मध्ये उभारलं गेलं आणि १९५१ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. ती पूर्णवेळ पगारी नोकरी आहे. जवान गटाच्या मुख्यालयात राहतात आणि दंगल, निवडणूक, नक्षलग्रस्त भाग असेल तिथे कंपनीच्या कंपनी पाठवली जाते. पुण्यातले पहिले दोन गट, जालना, नागपूर, दौंड, धुळे, अमरावती, सोलापूर असे हे गट राज्यभर आहेत. तिथल्या भरतीला बारावी पास, उंची किमान १६८ सेंमी (जिल्हा पोलिसांत पुरुषांना १६५), खुल्या प्रवर्गात वय १८ ते २५ आणि मैदानावर ५ किलोमीटर धावणं लागतं. मैदानी चाचणीचे १०० गुण आणि लेखी परीक्षेचे १००. घर सोडून महिनोन्‌महिने तंबूत किंवा शाळेच्या वर्गात राहायची तयारी असेल तर तो रस्ता धरा. घर धरून राहायचं असेल तर होमगार्ड.

पात्रता आणि कागद

२०२४ च्या नोंदणीत अटी अशा होत्या: किमान दहावी पास, वय २० ते ५०, उंची पुरुषांना १६२ सेंमी आणि महिलांना १५० सेंमी. पुरुषांची छाती न फुगवता ७६ सेंमी आणि फुगवून किमान ५ सेंमी जास्त. पुढच्या जाहिरातीत आकडे बदलू शकतात, म्हणून जुना व्हॉट्सॲप फॉरवर्ड पाहून अर्ज भरू नका. आपल्या जिल्ह्याची त्या वर्षीची जाहिरात पूर्ण वाचा.

नोंदणी जिल्हानिहाय होते आणि जिल्ह्यात तालुक्याच्या किंवा शहराच्या पथकानुसार जागा असतात. आपण ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहतो, त्या हद्दीचं जे पथक असेल तिथेच अर्ज करायचा. शेजारच्या तालुक्यात जागा जास्त आहेत म्हणून तिकडे अर्ज टाकणारे कागद तपासताना बाद होतात, कारण आधार आणि मतदार ओळखपत्र दोन्हींवरचा पत्ता पाहतात. लग्नानंतर सासरी आलेल्या महिलांनी अर्जाआधीच दोन्हींवरचा पत्ता बदलून घ्यावा. ऐन वेळी हे काम होत नाही.

कागदांची चळत साधारण अशी लागते: आधार आणि मतदार ओळखपत्र, दहावीचं प्रमाणपत्र, जन्मतारखेसाठी बोर्डाचं प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला, खासगी नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत पत्र आणि तीन महिन्यांच्या आतला पोलीस चारित्र्य पडताळणी दाखला. हा शेवटचा कागदच सगळ्यांना अडकवतो. कुणी फार लवकर काढतो आणि मैदानाच्या दिवशी तो जुना ठरतो, कुणी जाहिरातीनंतर धावाधाव करतो आणि तो वेळेत येत नाही. जाहिरात निघाल्याच्या आठवड्यातच या दाखल्यासाठी अर्ज टाका.

आयटीआय, एनसीसीचं बी किंवा सी प्रमाणपत्र, खेळाचं प्रमाणपत्र, जड वाहनाचा परवाना, माजी सैनिक, नागरी संरक्षणातली सेवा यांना तांत्रिक अर्हतेचे जादा गुण असतात. यातलं एखादं प्रमाणपत्र कपाटात पडलेलं असेल तर ते अर्जातच नोंदवा आणि मूळ प्रत सोबत न्या. मैदानावर एक-दोन गुणांनी नाव खाली जाणारे खूप असतात.

अर्जावरचं नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘दन्यानेश्वर’, वडिलांचं नाव मधे की शेवटी, असल्या फरकांवरून वाद होतात. आधार दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून हे आधी तपासा.

मैदान

पुरुषांना १६०० मीटर धावणं आणि ७.२६० किलोचा गोळा. महिलांना ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. धावायला संधी एकच. फक्त एका प्रकारावर भर देऊन चालत नाही, कारण प्रत्येक प्रकारात किमान गुण घ्यावे लागतात. धावण्यात वाघ आणि गोळ्यात भोपळा, अशी पोरं दर वेळी घरी जातात.

तयारीला आठ आठवडे हातात ठेवा. आठवड्यातून चार दिवस धावणं पुरेसं आहे. एक दिवस ४-५ किलोमीटर सावकाश, बोलता येईल इतक्या वेगाने. एक दिवस ४०० मीटरच्या चार फेऱ्या जोरात, मधे दोन-तीन मिनिटं चालत विश्रांती. एक दिवस २०० मीटर सहा वेळा. चौथ्या दिवशी हलकं धावणं, आणि दर दोन आठवड्यांनी त्याच दिवशी घड्याळ लावून पूर्ण अंतर. शेवटचे तीन दिवस अंग मोकळं करण्यापलीकडे काही करू नका.

१६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. सहा मिनिटांत संपवायचं ठरवलं तर प्रत्येक फेरीला ९० सेकंद. बहुतेक जण शिट्टी झाली की घोळक्याबरोबर सुसाट सुटतात, पहिली फेरी ७५ सेकंदांत मारतात आणि तिसऱ्या फेरीत पाय जड होऊन चालायला लागतात. पहिली फेरी मुद्दाम थोडी दाबून धरा, मागून येऊन पुढे जाणाऱ्यांना जाऊ द्या, खरी शर्यत तिसऱ्या फेरीतच असते. सराव डांबरी रस्त्यावर केला आणि चाचणी मातीच्या मैदानावर झाली तर वेळ वाढते, म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत तरी मातीवर धावा. चाचणीच्या दिवशी नवे बूट घालू नका.

गोळ्यात ताकदीपेक्षा पद्धत चुकते. गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळाशी धरायचा आणि मानेला, जबड्याखाली टेकवायचा. कोपर बाजूला वर. जोर पायातून सुरू होतो: मागचा पाय वाकवून, कंबर वळवत वर या आणि शेवटी हात सरळ करून गोळा ढकला. क्रिकेटच्या चेंडूसारखा खांद्यामागून फेकला तर फाउल होतोच, शिवाय कोपर दुखावतं. गोळा सुटला की वर्तुळाच्या पुढच्या बाजूने बाहेर पडू नका. तोल सावरा आणि मागून निघा. चांगला पडलेला गोळा या एका पावलामुळे बाद ठरतो. पहिले दोन आठवडे ५ किलोच्या गोळ्याने पद्धत बसवा, मग ७.२६० वर या. एकाआड एक दिवस १५-२० फेकी बस झाल्या.

उंचीचं एक सांगून ठेवतो. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटीमीटर उंच भरतो. काठावर असाल तर रात्रभर प्रवास करून, उभ्याने रांगेत तास काढून मोजणीला जाऊ नका. टाचा, पाठ, डोकं पट्टीला टेकवून हनुवटी सरळ ठेवा. छाती मोजताना घाबरून आधीच श्वास भरून घेणाऱ्यांचा ७६ चा आकडा भरतो, पण फुगवल्यावर ५ सेंमी वाढ निघत नाही. पहिल्या मापाला श्वास सोडून सहज उभं राहायचं.

निवड झाल्यावर

नियुक्ती तीन वर्षांसाठी असते, पुढे पुनर्नोंदणी होते. सुरुवातीला मूलभूत प्रशिक्षण: कवायत, लाठी, शस्त्राची ओळख, प्रथमोपचार, आग विझवणं, अडकलेल्या माणसाला बाहेर काढणं. नंतर आठवड्याची कवायत. आज्ञा हिंदीत असतात: सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड, तेज चल, थम. पहिल्या महिन्यात गोंधळ होतो तो ‘थम’वर. आज्ञा ऐकू आल्यावर पावलं मोजून थांबायचं असतं, जागच्या जागी ब्रेक लावायचा नसतो.

साप्ताहिक कवायत अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतो, पण बंदोबस्ताला नावं काढताना तिथली हजेरी पाहिली जाते आणि पुनर्नोंदणीच्या वेळीही तीच वही उघडली जाते. तीन-चार कवायती सलग बुडवल्या तर लेखी कारण पथकात देऊन ठेवा आणि दिलेल्या कागदाची पोच घ्या.

अधिकार किती, आणि कधी

कायद्याप्रमाणे होमगार्डला ड्यूटीसाठी बोलावलं असेल, त्या काळापुरतेच त्याला पोलीस अधिकाऱ्यासारखे अधिकार आणि संरक्षण मिळतं. पोलिसांच्या मदतीला असताना तो पोलीस अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली काम करतो. ड्यूटी संपली की तो साधा नागरिक. गणवेश अंगात आहे म्हणून रविवारी चौकात गाड्या अडवणं, शेजाऱ्याच्या भांडणात दम देणं हा गुन्हा ठरू शकतो आणि नोंदणी तर जातेच.

वाहतुकीच्या ड्यूटीवर गाडी थांबवायला मदत करायची, रहदारी वळवायची, अपघाताच्या ठिकाणी जागा मोकळी ठेवायची. दंड आकारणं अधिकृत पोलीस कर्मचाऱ्याचं काम आहे. चावी काढून घेणं कुणाचंच नाही. या एका चावीपायी दर वर्षी व्हिडिओ फिरतात आणि होमगार्ड घरी बसतात. उलट बाजूनेही लक्षात ठेवा: ड्यूटीवरच्या होमगार्डवर हात टाकणं म्हणजे लोकसेवकावर हल्ला. भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागू होतं. असं झालं तर तिथेच मारामारी न करता लगेच आपल्या ड्यूटीच्या पोलीस ठाण्याला कळवा आणि तक्रार नोंदवा.

बंदोबस्ताला उभं राहताना

गणपती, नवरात्र, आषाढी वारी, मोहरम, निवडणूक, परीक्षा केंद्रं, मुंबईत रात्रीच्या लोकलमधले महिलांचे डबे. काम सगळीकडे वेगळं, पण उभं राहणं सारखंच. पॉइंटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जागेवर, १२ तास जाऊ शकतात हे धरून पिशवी भरा: दोन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, शेंगदाण्याचा लाडू किंवा चटणी-भाकरी, शिट्टी, टॉर्च, पावसाळ्यात रेनकोट, मोज्यांचा जादा जोड. ओल्या मोज्यात १० तास उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी पाय बुटात जात नाही. पॉइंट मिळाला की तिथून जवळचा दवाखाना, अॅम्ब्युलन्स यायचा रस्ता आणि आपल्या अधिकाऱ्याचा नंबर पाहून ठेवा.

विसर्जन मिरवणुकीत दोर धरावा लागतो. दोर कमरेच्या उंचीला, दोन्ही हातांनी, मुठीत. मनगटाभोवती वेढा कधीही घेऊ नका. गर्दीने हिसका दिला की वेढा घेतलेला माणूस दोराबरोबर फरफटत जातो. दोर सोडता आला पाहिजे. दोघांमध्ये एका हाताचं अंतर, आणि तोंड गर्दीकडे, मूर्तीकडे नव्हे. आपल्यातले निम्मे मूर्ती बघत उभे असतात, आणि दोर नेमका तिथेच तुटतो.

गर्दी कधी धोक्याची झाली हे ओळखायला एक खूण आहे. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की लोक आपल्या मर्जीने हलत नाहीत, लाटेसारखे एकत्र डुलतात आणि वर केलेला हात खाली घेता येत नाही. अशा वेळी पुढच्यांना मागे ढकलू नका. मागून येणारा लोंढा थांबवायचा असतो, म्हणून शिट्टी आणि वायरलेस मागच्या पॉइंटकडे, आणि बाजूची गल्ली उघडी करा. बॅरिकेडला चिकटलेल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी वरून किंवा फटीतून आत घ्या.

वारीत हरवलेलं मूल सापडलं तर त्याला घेऊन पालक शोधत फिरू नका. शोधणारी आई बहुधा शेवटच्या पाहिलेल्या जागीच परत येते. दहा-पंधरा मिनिटं तिथेच थांबा, माऊलींना विचारा, कळवा आणि मग मदत केंद्रात नोंद करून सोपवा. सोपवल्याची वेळ वहीत लिहा.

निवडणुकीचं काम वेगळं. मतदान केंद्राच्या आत मतदान केंद्राध्यक्षाने बोलावल्याशिवाय जायचं नाही. काम बाहेर: रांग, १०० मीटरच्या आत प्रचार होऊ न देणं, आजारी आणि वृद्धांना वाट देणं. कुणाला मत द्यावं याबद्दल गमतीतही बोलू नका. गणवेशातल्या माणसाचं ते वाक्य थेट कायद्याच्या कचाट्यात येतं. आणि स्वतःचं मत बुडवू नका. ड्यूटी लागल्याचा आदेश मिळाल्यावर लगेच, आपल्याच मतदारसंघात ड्यूटी असेल तर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्रासाठी नमुना १२अ आणि बाहेर असेल तर टपाली मतासाठी नमुना १२ भरा. मतदार यादीतला भाग आणि अनुक्रमांक सोबत लागतो. शेवटच्या दोन दिवसांत धावणाऱ्यांची मतं जातात.

भत्ता आणि सेवेचा हिशेब

२०२४ च्या जाहिरातीत कर्तव्य भत्ता दिवसाला ५७० रुपये होता आणि उपाहार (चहा-नाश्त्याचा) भत्ता १००. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून कर्तव्य भत्ता १०८३ रुपये झाला, बाकीचे भत्तेही वाढले. मागे एक निकाल आहे: सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये होमगार्डना नोकरीत कायम करण्याची मागणी मान्य केली नाही, पण ३० दिवसांच्या ड्यूटीचा भत्ता राज्यातल्या पोलिसाच्या किमान वेतनाइतका यायला हवा असं सांगितलं.

पैसे उशिरा येतात, हे पथकातल्या कुणालाही विचारा. ते अडकतात ते बहुधा हजेरीपत्रकात. ड्यूटी एका पोलीस ठाण्याला, हजेरी दुसऱ्याकडे, आणि बिल होमगार्ड कार्यालयात. म्हणून प्रत्येक बंदोबस्ताचा आदेश आणि ड्यूटी पासचा फोटो काढून ठेवा, सुटताना हजेरीवर सही झाली का ते डोळ्यांनी पाहा, आणि एका वहीत तारीख, पोलीस ठाणं, पॉइंट, आलेली-सुटलेली वेळ लिहा. बँक खातं आधारशी जोडलेलं आणि चालू आहे ना ते दर बंदोबस्ताआधी तपासा. रक्कम कमी आली तर तोंडी तक्रारीत अर्थ नाही. वहीतल्या तारखा लिहून पथकातल्या केंद्रनायकाकडे अर्ज द्या.

हीच वही पुढे पोलीस भरतीला उपयोगी पडते. पोलीस, वन आणि अग्निशमन दलाच्या भरतीत होमगार्डना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांमध्येच राखलेला वाटा. त्यासाठी किमान तीन वर्षांची, म्हणजे १०९५ दिवसांची सेवा लागते, आणि ती जाहिरातीत दिलेल्या दिनांकापर्यंत पूर्ण झालेली असावी लागते. चार दिवस कमी पडले म्हणून आरक्षण गमावणारे असतात, त्यामुळे नियुक्तीची नेमकी तारीख आज पाहून ठेवा आणि सेवा प्रमाणपत्र भरतीची जाहिरात निघायच्या आधीच मागा. नोंदणी मधे खंडित झाली असेल, पुनर्नोंदणीला दोन महिने उशीर झाला असेल, तर त्याचा परिणाम प्रमाणपत्रावर होतो. मुदत संपायच्या महिनाभर आधी पुनर्नोंदणीचा अर्ज टाका.

दल सोडायचं ठरलं तर नुसतं जाणं बंद करू नका. लेखी राजीनामा द्या, ओळखपत्र आणि दलाकडून मिळालेला गणवेश, पट्टा, लाठी जमा करा आणि प्रत्येक वस्तू लिहिलेली पोचपावती घ्या.